मोटारसायकलस्वार आणि वाऱ्याचे तडाखे

मोटारसायकल हें वाहन जन्मास आलें तेव्हां त्याच्या स्वारापुढें वाऱ्याचा प्रश्न नव्हता. १८८५ सालीं जर्मनींतील कानस्टाट येथें गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर एंजिन बसवून जी पहिली दुचाकी चालविली, तिचा वेग ताशीं १२ किलोमीटरांच्या आसपास होता. टांग्याचा चांगला घोडा तिला सहज मागें टाकूं शकला असता. एवढ्याशा वेगानें समोरून लागणारा वारा उकाड्यांतील हातपंख्याच्या वाऱ्याइतकाच. त्याच्यापासून संरक्षण मागण्याचें कांहींच कारण नव्हतें. परंतु पुढील अवघ्या बावन्न वर्षांत त्याच जातीच्या वाहनाचा वेग वीसपटीहून अधिक वाढला, आणि पूर्वीं सुख देणारा तोच वारा स्वाराचा प्रतिपक्षी होऊन बसला. या प्रतिपक्षाशीं यंत्रकारांनीं कसा सामना दिला, त्यांत कोठें यश आलें, कोठें प्राण खर्चीं पडले, आणि आज दूरच्या प्रवासास निघणाऱ्या स्वारानें त्यापासून काय घ्यावें, हें आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

प्रथम या प्रतिपक्षाचें बळ मोजूं. हवा हलकी आहे असा आपला रोजचा समज असतो; पण एक घनमीटर हवेचें वजन सुमारें सव्वा किलोग्रॅम भरतें, आणि ती अंगावर येऊन आपटली म्हणजे तिचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. डाइमलरच्या गाडीच्या वेगास एक चौरस मीटर पृष्ठभागावर हा दाब पाऊण किलोग्रॅमाहून कमीच असतो. ताशीं ५० किलोमीटरांस तो १२ किलोग्रॅम होतो, १०० किलोमीटरांस ४७, आणि १२० किलोमीटरांस ६८. ताठ बसलेल्या स्वाराची छाती, खांदे, हात व मस्तक मिळून सुमारें अर्धा चौरस मीटर जागा वाऱ्यास सामोरी जाते असें धरलें, तर ताशीं १०० किलोमीटरांच्या वेगांत त्याला वीस-पंचवीस किलोंचा भार सतत मागें रेटीत असतो. त्यांत समोरून ताशीं ३० किलोमीटरांचा वारा वाहत असेल, तर वेगदर्शकाची सुई १०० वर असली तरी अंगावर हिशेब १३० चा बसतो. एंजिनाची स्थिति तर याहून बिकट. कारण हा अवरोध तोडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट करावयाचा तर आठपट शक्ति पाहिजे.

यांतून दोन निरनिराळे प्रश्न उत्पन्न होतात. एक प्रश्न यंत्राचा: हवेचा अवरोध कमी करून वेग कसा वाढवावा? दुसरा प्रश्न माणसाचा: आठ-दहा तास गाडीवर बसणाऱ्याचें अंग, मान, कान आणि डोळे यांना वाऱ्याच्या माऱ्यापासून कसें वांचवावें? या दोन प्रश्नांचीं उत्तरें एकच आहेत, असें कित्येक वर्षें मानलें गेलें. तीं एक नाहींत, हें कळावयास पुष्कळ काळ लागला. आणि ज्याला आपण मोटारसायकलच्या वायुकवचाचा, म्हणजे फेअरिंगचा, इतिहास म्हणतों तो बव्हंशीं या उमगण्याचाच इतिहास आहे.

पहिल्या प्रश्नाला आरंभ झाला तो वेगाच्या उच्चांकांच्या ईर्ष्येंतून. बी. एम. डब्ल्यू. कंपनीचा स्वार एर्न्स्ट हेन्ने यानें १९२९ सालीं म्यूनिकजवळच्या सरळ रस्त्यावर ताशीं २१६ किलोमीटरांहून अधिक वेग गांठला. त्या काळांत तो डोक्यावर मागें निमुळतें होत गेलेलें शिरस्त्राण घाली आणि पाठीमागें शंकूच्या आकाराचें एक शेपूट बांधून घेई. कारण हवा समोरून फाडण्यापेक्षां मागें ती नीट मिटविणें अधिक महत्त्वाचें, हें विमानविद्येनें तोंवर शिकविलें होतें. पुढें माणसाला आकार देण्याऐवजीं गाडीलाच संपूर्ण कवच चढविण्यांत आलें. त्या कवचांत बसून हेन्नेनें २८ नोव्हेंबर १९३७ रोजीं फ्रांकफुर्टजवळच्या महामार्गावर ताशीं २७९.५ किलोमीटरांचा वेग नोंदविला. एंजिन होतें केवळ ५०० घनसेंटीमीटरांचें. हा उच्चांक पुढें चौदा वर्षें अबाधित राहिला. १९५१ सालीं एन. एस. यू. कंपनीच्या विल्हेल्म हेर्त्सनें तो मोडला.

परंतु याच वर्षांत वाऱ्यानें दुसरा धडाही दिला. १९३७ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील डेटोना येथील समुद्रकिनाऱ्यावर जो पेट्राली हा स्वार हार्ले-डेव्हिडसन गाडी घेऊन उतरला. गाडीला सुंदर वायुकवच होतें; पण वेग वाढूं लागतांच तिचें पुढचें चाक हलकें पडूं लागलें. अखेर तें कवच उतरवून ठेवण्यांत आलें, आणि उघड्या गाडीवर त्यानें ताशीं १३६ मैलांचा, म्हणजे सुमारें २१९ किलोमीटरांचा, उच्चांक केला. ब्रिटिश स्वार एरिक फर्निहॉ याचें भाग्य इतकें बलवत्तर नव्हतें. १९३७ सालीं हंगेरींतील ग्योन येथें ब्रफ सुपीरियर गाडीवर त्यानें ताशीं २७३ किलोमीटरांचा जागतिक उच्चांक केला होता. पुढच्या वर्षीं, एप्रिल १९३८ मध्यें, तो पुन्हा त्याच रस्त्यावर आला. भर वेगांत गाडी ताब्याबाहेर गेली आणि त्यांत त्याचा अंत झाला. ज्या हवेला आपण वाट करून देतों ती गाडीला वर उचलूं शकते, बाजूस ढकलूं शकते, ही गोष्ट त्या पिढीला अशी एकेक करून आणि मोठ्या किंमतीनें कळत होती.

दुसरा प्रश्न, म्हणजे माणसाच्या सुखाचा, याच काळांत अगदीं साध्या मार्गानें सोडविला जात होता. हँडलावर उभी केलेली सेल्युलॉइडची पारदर्शक पाटी आणि पायांपुढें पत्र्याचे पडदे, एवढीच ती सामग्री. सेल्युलॉइड उन्हानें पिवळें पडे, त्याला चरे पडत, आणि तें ज्वालाग्राहीही होतें. १९३० नंतरच्या दशकांत ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा निघाला, तेव्हां या पाटीला खरी योग्यता आली. अमेरिकन पोलिस दिवसभर खोगिरावर बसत. त्यांच्या गाड्यांवर अशा कांचा सर्रास दिसूं लागल्या. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या हार्ले गाड्यांनाही समोर काच व पायांपुढें पडदे बसविण्याची सोय होती. यांपैकीं कोणीही वेग वाढविण्याच्या विचारांत नव्हता. उलट, उभ्या कांचेमुळें गाडीचा वेग कमीच होई. पण थंडी, पाऊस आणि चिलटें यांपासून सुटका होई, आणि तेवढ्यावर लोक संतुष्ट असत.

महायुद्धानंतर शर्यतींच्या जगांत वायुकवचाला मोठी भरभराट आली. इटलींत कोमो सरोवराच्या कांठीं मांदेल्लो देल लारियो या गांवीं मोटो गुझ्झी कंपनीनें १९५० च्या सुमारास स्वतःचा वायुबोगदा उभारला. आंत खरी मोटारसायकल आणि तिच्यावर खरा स्वार बसवून हवेचा झोत सोडावयाचा, आणि त्याचें बळ मोजावयाचें, अशी ती व्यवस्था होती. जूल्यो चेझारे कार्कानो या अभियंत्यानें तिचा पुरा उपयोग करून घेतला. पुढचें चाक पूर्णपणें पोटांत घेणारें अंडाकृति कवच त्या काळीं सर्वत्र चढलें. इंग्रज प्रेक्षकांनीं त्याला थट्टेनें ‘डस्टबिन’, म्हणजे कचऱ्याची पेटी, असें नांव दिलें. नांव हिणकस असलें तरी काम चोख होतें. १९५७ च्या जून महिन्यांत आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतींत बॉब मॅकिन्टायर यानें जिलेरा गाडीवर तेथील सुमारें ६० किलोमीटरांच्या डोंगरी वळसेदार मार्गाचा फेरा ताशीं १०० मैलांहून अधिक सरासरीनें पुरा केला. त्या मार्गावर असें पूर्वीं कधीं झालें नव्हतें. त्याच्याही गाडीला हेंच कवच होतें.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघानें या कवचावर बंदी घातली. पुढचें चाक उघडें दिसलें पाहिजे, असा नियम झाला. कित्येकांना तो प्रगतीचा द्वेष वाटला. पण त्यामागें कारण होतें. बाणाला पिसें मागें असतात, पुढें नसतात. वारा बाजूनें आला तर तो मागच्या पिसांना ढकलतो आणि बाणाचें टोंक वाऱ्याकडे वळून बाण सरळ राहतो. पिसें पुढें लावलीं तर टोंकच वाऱ्यानें फेंकलें जाईल. नाकाशीं फुगीर असलेल्या त्या कवचानें मोटारसायकलला नेमकीं पुढें पिसें लावलीं होतीं. आडवा वारा ज्या बिंदूपाशीं गाडीला ढकलतो असें मानतां येईल तो बिंदु गुरुत्वमध्याच्या बराच पुढें गेला होता. एखाद्या भिंतीच्या आडोशांतून गाडी एकाएकीं उघड्यावर येई आणि वाऱ्याची एक थप्पड तिला रस्त्याच्या दुसऱ्या कडेला नेऊन टाकी. बंदीनंतर जें कवच उरलें तें चाकाच्या मागून सुरू होणारें आणि हँडलाच्या बाजूंनीं खालीं उतरणारें होतें. आजच्या बहुतेक गाड्यांचें कवच याच वंशांतलें आहे.

रस्त्यावरच्या गाड्यांत या विद्येचा प्रवेश अडखळत झाला. इंग्लंडांतील व्हिन्सेंट कंपनीनें १९५४ सालीं आपल्या ब्लॅक प्रिन्स व ब्लॅक नाइट या गाड्या काचतंतूंच्या कवचांत जवळजवळ पूर्ण झांकून लोकांपुढें आणल्या. ‘सभ्य गृहस्थाचें दुचाकी वाहन’ अशी ती कल्पना होती; परंतु १९५५ च्या अखेरीस त्या कंपनीनें मोटारसायकली बनविणेंच थांबविलें. एरियल कंपनीची लीडर ही गाडी १९५८ सालीं आली; तिला समोर काच, पायांपुढें पडदे, आणि सारें यंत्र झांकणारें आवरण जन्मतःच होतें. या गाड्या आज पाहिल्या म्हणजे त्यांची दूरदृष्टि जाणवते. पण त्या काळच्या तरुणाला एंजिन उघडें दिसल्याखेरीज गाडी गाडीच वाटत नसे.

हा प्रश्न खऱ्या अर्थानें ऐरणीवर आला तो अमेरिकेंत, कारण तेथें अंतरेंच हजार हजार किलोमीटरांचीं. हार्ले-डेव्हिडसननें १९६९ सालीं वटवाघळाच्या पंखांसारखें पसरट असें कवच आपल्या इलेक्ट्रा ग्लाइड गाडीवर दिलें. तें पुढच्या फाळक्याला जोडलेलें असून हँडलाबरोबर वळे. १९७१ सालीं इलिनॉय राज्यांतील क्रेग व्हेटर यानें ‘विंडजॅमर’ नांवाचें कवच विक्रीस काढलें. तें हँडलाला न जोडतां गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेलें असे. हा फरक वरवर क्षुल्लक दिसतो, पण त्याचा परिणाम मोठा आहे. हँडलाला बांधलेल्या कांचेवर वारा आदळला कीं तो धक्का थेट सुकाणूंत उतरतो. सांगाड्याला बांधलेल्या कांचेवरचा धक्का साऱ्या गाडीच्या वजनावर वांटला जातो, आणि हँडल हातांत शांत राहतें. निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच कवच वेगवेगळे जोड देऊन बसवितां येई, म्हणून त्याचा प्रसार फार झाला. होंडा कंपनीनें १९७४ सालीं गोल्ड विंग ही मोठी प्रवासी गाडी दाखविली ती उघडी. कवच ग्राहक आपल्या पैशानें बसवीत. तें पाहून कंपनीनें १९८० सालीं स्वतःच कवचासह इंटरस्टेट नांवाची आवृत्ति काढली.

युरोपांत १९७६ सालीं बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें आर १०० आर. एस. ही गाडी आणली. हान्स मूट यानें आंखलेलें तिचें कवच इटलींतील पिनिनफारिना या संस्थेच्या वायुबोगद्यांत घडविण्यांत आलें होतें. मोठ्या संख्येनें विकल्या जाणाऱ्या गाडीला संपूर्ण कवच कारखान्यांतूनच मिळावें, आणि तें नुसत्या अंदाजानें न आंखतां मोजमाप करून आंखलेलें असावें, हा मोठा टप्पा होता. त्या कवचाकडे तीन कामें सोंपविलीं होतीं: अवरोध कमी करणें, पुढच्या चाकाचें उचलणें थांबविणें, आणि स्वाराच्या छातीवरचा भार काढून घेणें. येथें यंत्राचा प्रश्न व माणसाचा प्रश्न प्रथमच एका बैठकींत विचारांत घेतले गेले.

इतकें झाल्यावर वाऱ्याचा त्रास संपावयास हवा होता. पण संपला नाहीं. त्यानें रूप बदललें. उंच काच लावून बसलेले स्वार सांगूं लागले कीं छातीवरचा भार गेला, पण डोकें मात्र कोणी दोन्ही हातांनीं धरून हलवीत असल्यासारखें हलतें. यालाच आपण वाऱ्याचे तडाखे म्हणतों, आणि त्याचें मूळ समजल्यावांचून उपाय सांपडत नाहीं.

तारायंत्राच्या तारा वाऱ्यांत गुणगुणतात, हें आपण सर्वांनीं ऐकलें आहे. व्हिन्सेंत्स स्ट्रोहाल या चेक पदार्थविज्ञानवेत्त्यानें १८७८ सालीं या नादाचा अभ्यास केला आणि नादाची कंपनसंख्या वाऱ्याचा वेग व तारेची जाडी यांवर अवलंबून असते असें दाखविलें. वाऱ्यांत उभ्या असलेल्या वस्तूच्या दोन कडांवरून भोवरे आळीपाळीनें सुटतात. १९११ सालीं थिओडोर फॉन कारमान यानें त्यांच्या रांगेचें गणित मांडलें. मोटारसायकलची काच ही याच नियमाखालीं येते. अर्धा मीटर रुंद काच ताशीं १०० किलोमीटरांच्या वेगानें जात असेल, तर या नियमानें तिच्या कडेवरून सेकंदाला दहा-अकरा भोवरे सुटतात. त्या कडेची पातळी आणि स्वाराच्या कानांची पातळी एक झाली, म्हणजे प्रत्येक भोवरा हेल्मेटवर येऊन आदळतो. त्यांतच कांचेमागें हवेचा दाब कमी झालेला असतो. ती पोकळी भरून काढण्यास बाजूंनीं, खालून, आणि पाठीमागूनही हवा धांवते, आणि स्वाराची पाठ पुढें ढकलली जाते.

याचा परिणाम केवळ गैरसोयीचा नाहीं. डोकें असें हललें म्हणजे दूरचा खड्डा किंवा समोरच्या गाडीचा लाल दिवा स्पष्ट दिसत नाहीं. मानेचे स्नायू दिवसभर ताठ राहतात. ताशीं १०० किलोमीटरांच्या वेगांत हेल्मेटच्या आंतला आवाज नव्वद डेसिबलांच्या बराच वर जातो, आणि असा आवाज रोज तासन्‌तास ऐकणाऱ्याची श्रवणशक्ति कायमची कमी होऊं शकते. थकलेला स्वार चुकतो, आणि दुचाकीवरची चूक सहसा स्वस्तांत सुटत नाहीं.

उपाय सांगावयाचा तर मूळ तत्त्व एकच: डोकें स्वच्छ वाऱ्यांत असावें किंवा निवांत हवेंत असावें; दोहोंच्या सीमेवर असूं नये. परीक्षाही सोपी आहे. मोकळ्या, निर्वेध रस्त्यावर एकसारख्या वेगांत स्वारानें पावलांच्या टेकूंवर किंचित् उठून पाहावें, मग किंचित् वांकून पाहावें. उठल्यावर आवाज एकसुरी होऊन हिसके थांबले, तर आपली काच आपल्यासाठीं अधिक उंच आहे. ती कापावी किंवा ठेंगणी घ्यावी. वांकल्यावर शांतता लाभली, तर ती दोन-चार बोटें वाढवावी. मात्र कांचेची वरची कड नाकाच्या शेंड्याच्या फार वर नसावी. रात्रीं, पावसांत, किंवा चरे पडल्यावर कांचेतून दिसत नाहीं. कांचेवरून पाहतां आलें पाहिजे.

दुसरा उपाय अनेकांस उलटा वाटतो. कांचेच्या पायथ्याशीं फट ठेवावी, म्हणजे थोडी हवा मुद्दाम आंत सोडावी. मागची पोकळी भरून निघाली कीं भोवऱ्यांचा जोर मोडतो. तिसरा उपाय, वरच्या कडेला बाहेर वळलेला ओंठ देणें, म्हणजे हवेची धार थोडी अधिक वर उडते. चौथा, फाळक्यांच्या मधून व टांकीच्या बाजूनें वर येणारी हवा लहान पडद्यांनीं अडविणें. कारण पुष्कळदां दोष वरच्या कांचेला दिला जातो आणि चोर खालून आलेला असतो. १९९० नंतर अनेक मोठ्या प्रवासी गाड्यांना बटन दाबून वरखालीं करतां येणारी काच मिळूं लागली, ती याच जाणिवेनें. गाडी एक असली तरी स्वारांची उंची, हेल्मेटाचा आकार आणि मागें बसणारें माणूस हीं दर वेळीं निराळीं. वायुबोगद्यांत ज्या एका देहासाठीं काच घडली तो देह आपला असेलच असें नाहीं.

आपल्या देशाकडे पाहिलें तर प्रथम आठवते ती स्कूटर. इटलीची व्हेस्पा १९४६ सालीं कोर्रादीनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्यानें आंखली. तिच्या पायांपुढचा पडदा हा एक उत्तम वायुरोधकच होय. पुण्याच्या बजाज कंपनीनें १९७२ सालीं काढलेल्या चेतकवर पुष्कळ कुटुंबांनीं बाजारांतून ॲक्रिलिकची काच आणून बसविली, ती समोर उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडावर वारा लागूं नये म्हणून. याच कंपनीची २००७ सालची पल्सर २२० अर्धें कवच घेऊन आली, आणि रॉयल एनफील्डच्या २०१६ सालच्या हिमालयन गाडीला लहानशी काच मुळांतच होती. परंतु आपल्या हवेंत पश्चिमेकडचें उत्तर जसेंच्या तसें चालत नाहीं. वैशाखांत विदर्भांतून जाणाऱ्याला पूर्ण कवचांत एंजिनाची आंच पायांवर घेत बसावें लागेल. त्याला छातीवर थोडा वारा हवाच असतो. मालवाहू ट्रकच्या मागें जी फाटलेली हवा राहते तिचे तडाखे कोणतीही काच थोपवीत नाहीं. तेथें अंतर हाच उपाय. आणि साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, तेथें आडवा वारा किती जोराचा असतो हें सांगावयास नको; अशा ठिकाणीं मोठें कवच आणि मागें उंच बांधलेलें सामान हें शिडासारखें काम करतें. तेथें वेग कमी करावा, हँडल आवळून धरूं नये, आणि डोंगराच्या आडोशांतून बाहेर पडतांना पुढच्या झोताची अपेक्षा ठेवावी.

फर्निहॉच्या पिढीला जें ठाऊक नव्हतें तें आज आपल्याला ठाऊक आहे, आणि तें कोणत्याही दुकानांत फार पैसे मोजून घ्यावें लागत नाहीं. नवी काच विकत घेण्यापूर्वीं जुन्या कांचेखालीं बोटभर फट ठेवून पाहावी, ती चार बोटें खालींवर करून पाहावी, कानांत बोळे घालावेत, आणि मग निर्णय करावा. मागें बसणाऱ्यालाही एकदां विचारावें. कारण पुढच्यानें चुकविलेला वारा पुष्कळदां त्याच्याच तोंडावर जाऊन बसतो.